कुठेतरी पाणी मुरतंय

तीन आठवडे लँबर्नवर थेंब नाही.
आभाळ घासून पालथं घातलेल्या पातेल्यासारखं,
आणि डोरीन पोकॉकच्या तळघरात
फरशीच्या सांध्यांतून पाणी वर येतंय.
गढूळ नाही. आवाज नाही.
जिना उतरलं की नुसतं आहे.

मी तिच्या परसातल्या बोअरचं झाकण उघडते.
फस्स.
टेकडी श्वास सोडते.
खाली पाणी चढलं की दगडाच्या छिद्रांतली हवा
जागा रिकामी करते, मिळेल त्या वाटेनं निघते,
माझ्या गालाला लागते तेव्हा कोमट असते,
फेब्रुवारीत इथं कोमट म्हणजे दहा अंश.
फीत खाली सोडते.
टोक पाण्याला टेकलं की यंत्र पिपाणी वाजवतं.
दोन मीटर बारा. वहीत लिहिते.
गेल्या मंगळवारी तीन होतं.

"पाऊस नाही, मग हे कुणाचं?" डोरीन विचारते,
हातात मॉप, पायात मेलेल्या नवऱ्याचे गमबूट.

मी तिच्याच टेकडीचा एक ढलपा तिच्या तळहातावर ठेवते.
आमच्याकडे याला खडू म्हणतात, सांगते.
अंबाजोगाईच्या शाळेत मी एकदा चाटला होता,
जीभ चिकटली, आणि बाईंनी पट्टी मारली.
का चिकटली ते त्यांनी सांगितलं नाही.
ते कळायला तीस वर्षं लागली आणि दोन समुद्र:
खडू मला पीत होता.

या टेकडीचा तिसरा हिस्सा पोकळ आहे,
पण ती पोकळी इतकी बारीक दळलेली
की पाण्याला शिरता येतं, सहजी सुटता येत नाही.
वर्षाला एखाद मीटर खाली सरकतं.
माझा व्हिसासुद्धा याहून लवकर आला.
नवा पाऊस स्वतः कधी पोचत नाही,
रांगेत पुढच्याला कोपरानं ढकलतो,
तो त्याच्या पुढच्याला,
आणि तळाशी बाहेर पडतं असं कुणीतरी
ज्यानं हा पाऊस पाहिलाच नाही.
भेगांची गोष्ट निराळी.
भेगांतलं पाणी दोन दिवसांत धावत येतं,
धापा टाकत, पायाला माती घेऊन.
तुझं तसं नाही, डोरीन.
हे मुरलेलं आहे.

प्रयोगशाळेचा कागद मी गाडीतच ठेवला होता,
तोही आणते शेवटी.
नायट्रेट मर्यादेच्या वर.
पण वरच्या शेतात तर बारा वर्षं नुसत्या मेंढ्या आहेत.

"खत?" ती म्हणते. "खत सिरिल टाकायचा.
ब्याऐंशी, त्र्याऐंशी. निळ्या पोत्यांतलं.
हातांना वास राहायचा, जेवतानासुद्धा."
ती बोटांवर वर्षं मोजते.
मी नकाशावर मीटर मोजते.
दोघींचं उत्तर एकाच वेळी येतं
आणि आम्ही दोघी गप्प.

मग ती मॉप भिंतीला टेकवते,
गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वाकते,
दोन बोटं पाण्यात बुडवते, नाकाशी नेते.
"नेहमीचाच उशीर," म्हणते.
"स्वतःच्या लग्नालासुद्धा."

आमच्याकडे म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय,
म्हणजे आत काही काळंबेरं आहे, लपवलेलं आहे.
मी ते तिला सांगत नाही.
इंग्रजीत त्याचं नुसतं पाणी होईल,
आणि इथं लपवलेलं काय आहे?
वाटेत होतं, एवढंच.

"पंप?" मी विचारते.
"गुरुवारी बघू," ती म्हणते. आज सोमवार.
वर जाऊन किटली ठेवते,
नळाचं पाणी घेताना क्षणभर थांबते.

मी बोअरचं झाकण बसवते.
सहा बोल्टांपैकी एकाचा आटा गेलाय,
तिथून टेकडी अजून थोडी थोडी
माझ्या हातावर येत राहते.