सतरा मीटर

शाळेने बोलावलं तेव्हा मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती.
त्याआधी चाळीस वर्षं बांध मोजला,
इथे फ्रीसलंडात, जिथे जमीन
समुद्राच्या उशाखाली झोपते
आणि स्वस्थ झोपते, कारण कुणीतरी जागं असतं.

त्यित्स्के बाईंनी फळ्यावर लिहून ठेवलं होतं :
जमीन कुणाची?
खाली अकरा वर्षांच्या तेवीस पोरांची उत्तरं.
बाबांची. बँकेची. राजाची. गाईंची.
एकाने लिहिलं होतं, माहीत नाही.
खडू दाबून, दोनदा.

मी नकाशा नेला नव्हता. फावडं नेलं होतं,
पणजोबांचं, ज्याचा दांडा दोनदा आणि पातं एकदा बदललंय.

आधी एक खेळ घेतला.
वीब्रेनला केलं शेतकरी (तो आहेच, घरी नव्वद गाई),
हेस्टरला केलं ओल्या गवतात अंडी घालणारा पक्षी,
आणि यॉर्नला एक जुनं घर,
पाणी उतरलं की ज्याचे लाकडी खुंट कुजायला लागतात.
म्हटलं, आता ठरवा, कालव्यात पाणी किती ठेवायचं?
वीब्रेन म्हणाला, कमी. ट्रॅक्टर रुततो.
हेस्टरने नुसते पंख पसरले.
घर म्हणालं, मी पडेन हां, खरंच पडेन,
आणि बाकावरून पडून दाखवलं.
आधी वीतभर पाण्यावरून भांडले, मग बोटभर.
शेवटी दोन बोटांवर आलं. कुणीच खूश नव्हतं.
म्हणजे बरोबर आलं, मी म्हटलं.

मग फावड्याची गोष्ट सांगितली.
फार पूर्वी इथे असा कायदा होता :
आपल्या वाट्याचा बांध ज्याला राखणं झेपेना,
त्याने त्यात फावडं रोवायचं
आणि घर, गोठा, उभं पीक टाकून चालू लागायचं.
जो ते उपटेल, त्याची जमीन.
आणि बांधही त्याचाच.

मागच्या बाकावरून सेम्हारने हात वर केला.
आमची जमीन नाही, ती म्हणाली,
आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, भाड्याने.
मग आम्ही बुडणार नाही ना?

वर्ग हसला. बाई माझ्याकडे बघू लागल्या.
मी मनात तिसरा मजला मोजला.
पाय कोरडे राहतील, म्हटलं,
पण पाव आणायला कुठे जाशील?

बाहेर वारा कान उपटत होता.
बांधाच्या पायथ्याशी मी फावडं रोवलं,
नुसतं दाखवायला.
पुढचं वाक्य माझ्या तोंडातच होतं
तोवर ती आली, दोन्ही हातांनी दांडा धरला,
मागे कलली, चिखलात बसली, पुन्हा उठली,
आणि उपटलं.

कुठून कुठपर्यंत? तिने विचारलं.

आता आली का पंचाईत.
फीत काढली. फाटकापासून उतारापर्यंत
तीनशे एक्क्याण्णव मीटर, भागिले तेवीस.
माझ्या उभ्या नोकरीत
एवढा नि:शेष भाग कधी गेला नव्हता.

तेवीस जणांनी महिन्याला एकेक कार्ड पाठवायचं ठरलं.
वीब्रेनचं एकच आलं : सगळं ठीक.
हेस्टरने अंड्याचं चित्र काढलं, प्रत्यक्ष आकाराचं, असं खाली लिहून.
काहींनी तर बांध कुठे आहे तेच विसरून टाकलं असावं.

सेम्हारची येतच राहिली. कार्यालय माझ्याकडे पाठवतं,
त्यांच्याकडे यासाठी फाइल नाही.

ऑक्टोबर. बिळं चार. एकात काठी घातली, कोपरापर्यंत गेली.
मेंढ्या मोजता आल्या नाहीत, हलतात.

डिसेंबर. वादळ आलं होतं. मी खिडकीतून पाहिलं,
माझा भाग दिसत नाही, पण त्या बाजूला पाहिलं.

मार्च. एका जागी गवत गेलंय, ताटाएवढं.
तिथे माझे बाबा बसतात संध्याकाळी,
समुद्राकडे बघत. बोलत नाहीत.
त्यांना सांगितलंय,
बसा, पण रोज थोडं सरकून बसत जा.