कुठला मारुती?

रात्री पावणेदहाला फैयाज तांबोळीचा फोन.
आवाज खाली ठेवून म्हणाला,
"विशाखा, तुझा हिशोब गंडलाय."

माझा हिशोब गंडत नाही.
खेड-शिवापूरच्या दूधवाल्यांसाठी लिहिलेला,
लिटर आत, फॅट आत, रुपये बाहेर.
तेच आत टाका, तेच बाहेर येणार,
मध्ये कशाला हात लावायचा नाही.
भाषाच तशी आहे, आतून फार सोवळी:
एकदा ठेवलेलं नाव
दुसऱ्या किमतीला शिवू देत नाही.
दाराबाहेर मात्र एकच लांब ओसरी
आणि तिच्यावर सगळी मॉड्यूल्स
नुसत्या नावानं पथारी टाकून.
आडनाव नाही, पेठ नाही.

यशराज पवळे, महिना झाला लागून,
त्यानं कॅन्टीनच्या कूपनांसाठी एक मॉड्यूल लिहिलं.
नाव ठेवलं, हिशोब.
दुसरं काय ठेवणार? हिशोबच होता तो.
संध्याकाळी लोड झालं.
भांडण नाही, एक लाल अक्षर नाही.
नंतर आलेला पाटावर बसला
आणि आधीचा उठून गेला,
वाढलेलं ताट तसंच ठेवून.

मग बाराशे लिटर, सव्वासहा फॅट
असं त्याला विचारलं गेलं,
आणि तो म्हणाला, साडेसात हजार.
बाराशे कूपनं, सव्वासहा रुपयांची.
त्याच्या परीनं बिनचूक.

बाबा सिटी पोस्टात टपाल निवडायचे.
"मारुतीसमोर, पुणे" एवढंच लिहिलेलं पाकीट
दिव्यापुढे धरून विचारायचे, कुठला?
जिलब्या, सोन्या, डुल्या, भिकारदास?
आणि "विठोबाजवळ" म्हणणाऱ्यांना तर
पासोड्या, उपाशी, निवडुंग्या
एका दमात ऐकवून
खिडकी लावून घ्यायचे.
"देवाला लाज वाटली नाही
नावापुढे जिलबी लागायची,
तुम्हाला कसली वाटते?"

स्वारगेटला ऑफिसात पोचले तेव्हा
यशराज नखं खात बसला होता.
"ताई, मी काहीच मोडलं नाही."
खरंच नव्हतं मोडलं.
मी त्याच्या फाइलचं नाव बदललं, कूपन_हिशोब,
माझ्याचं, दूध_हिशोब.
"लांब होतंय," तो म्हणाला.
होऊ दे. तुला टाइप करायला दोन सेकंद,
त्यांचं दूध पहाटे चारला निघतं.

मग एकेक हाक शोधत बसलो.
जिथं जिथं नुसतं हिशोब म्हटलेलं,
तिथं विचारायचं, कुठला?
एकोणसाठ जागा.
चाळिसाव्याच्या आसपास मला उगाच
गॅसचं पुस्तक आठवलं.
त्यावर अजून ते आडनाव आहे
जे मी सहा वर्षं वापरलं.
फोनवर त्या नावानं कुणी विचारलं
की मी थांबत नाही,
हो म्हणते, पत्ता सांगते, ग्राहक क्रमांक सांगते.
सगळं बरोबर.
लाल अक्षर कुठंच येत नाही.

दीड वाजता यशराजनं सहज म्हणून
"किरकोळ" शोधलं.
चार सापडली. चार टीम, चार किरकोळ,
आणि चालतंय त्यातलं एकच.
कुठलं, ते फैयाजलाही माहीत नाही.
आम्ही तिघंही जरा वेळ
पडद्याकडे बघत राहिलो.
फैयाज म्हणाला, हे उद्या.

जिना उतरताना त्यानं विचारलं,
"सकाळी अम्मीचा डबा पाठवतो, तू काही करू नकोस.
आता राहतेस कुठं?"

मारुतीच्या मागे, मी म्हटलं,
आणि स्कूटीची किल्ली शोधायला लागले.

तो पायरीवर तसाच उभा.

"पत्र्या," मी म्हटलं.
"पत्र्या मारुतीच्या मागे.
बेलवर नाव नाहीये अजून.
खालून हाक मार."