दाराची रुंदी

दर रविवारी जेवणं उरकली
की चिचिको आणि बिमुर्झा टेबलावर गाड्या मांडतात.
खऱ्या गाड्या बाहेर, एन्गुरी नदीच्या काठाला,
एक चिखलात, एक कोंबड्यांच्या ताब्यात.
टेबलावर नुसते आकडे.

चिचिकोची निवा : सोळाशे सीसीला तीस कमी,
घोडे ऐंशी, वजन अकराशे पन्नास,
चारही चाकं सदाची जुंपलेली.
‘एकशे तीसनं पळते,’ म्हणतो.
कुठे पळते, कोणी विचारत नाही.
आमच्या खोऱ्यात त्या वेगानं
फक्त डोंगरावरचा बर्फ खाली येतो.

बिमुर्झाची उआझ : चोवीसशे पंचेचाळीस,
घोडे पंच्याहत्तरच, पण
‘माझे नांगराचे, तुझे सर्कशीतले.’
टाक्या दोन. माणसं सात,
वासरू धरलं तर साडेसात.
मिळेल ते पिते, मालकासारखी.
हीटर कागदावर आहे.

मग दोघे गाड्यांच्या पोटाखाली सरपटतात,
जमिनीपासून किती वर,
बोटाबोटासाठी हमरीतुमरी,
आणि अराकीचा तिसरा पेला भरला
की माझ्याकडे वळतात :
मकवाला, तू सांग. तू दोन्हींत बसलीयस.

बसलेय.

उआझच्या मागच्या फळीवर लामारा आडवी,
उश्गुलीहून मेस्तियाला, पंचेचाळीस किलोमीटर.
स्प्रिंगा पाट्यांच्या, छत कापडाचं,
शिवणीतून भुरभुर बर्फ तिच्या कपाळावर.
डॉक्टरनं गुरुवार सांगितला होता.
उआझनं मंगळवारीच, चौथ्या खड्ड्यानंतर,
पोरगी माझ्या हातात दिली.
एका टाकीतलं पेट्रोलसुद्धा सरलं नव्हतं.

निवात स्प्रिंगा मऊ. हीटर खराखुरा.
पण मागे जायचं तर पुढची सीट दुमडून,
आणि नववा महिना भरलेली बाई
दुमडत नाही.
दोदोला आम्ही तिघांनी आत लोटली.
तिचा एक पाय गिअरच्या तीन दांड्यांमध्ये;
अशी एक कळ आली
की तिनं टाचेनं डिफरेन्शियलच लॉक केलं.
त्याच्याच जोरावर घाट चढलो,
असं चिचिको अजून सांगतो,
आणि ते श्रेय गाडीच्या खात्यावर लिहितो.

आजही दोघे पेन्सिल धरून थांबलेत.

मी विचारते, दार किती रुंद?

वही उलटी होते, सुलटी होते.
घोडे आहेत, सिलिंडर आहेत,
टाकीतला थेंब न् थेंब आहे,
दाराचा रकानाच नाही.

दोघे एकमेकांकडे बघतात,
एकदम उठतात,
मोजपट्टीचं एकेक टोक धरून बाहेर पडतात.
उआझचं दार उघडल्याचा आवाज,
मग कोंबड्यांचा,
मग बिमुर्झाच्या शिव्या.

ताटात कुब्दारीचे दोन तुकडे उरलेत.
मोठा कुठला, ते मी डोळ्यांनीच ठरवते.