मापाची वही

गंगाखेडच्या बसस्टँडामागं माझं दुकान.
वहीच्या पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांची मापं :
छाती चौतीस, खांदा साडेतेरा,
मास्तरीणबाईंची बाही कोपरापर्यंत.
वही उलटी धरली की मागून राजनंदिनी सुरू होते :
उपाशीपोटी दोनशे दहा, जेवल्यावर तीनशे,
मावशीच्या लग्नात बुंदी खाल्ली त्या दिवशी
मशीनवर आकडाच नाही, इंग्रजीत नुसतं ‘हाय’.
मला वाटलं, मशीनच हळहळली.

नऊ वर्षांची होती.
रात्रीतून चारदा तांब्या रिकामा करायची,
अंथरूण ओलं करायची,
आणि मी रागावलो होतो, एवढी घोडी झाली म्हणून.
ते रागावणं अजून कुठं ठेवावं कळत नाही.
मग तिच्या श्वासाला पिकल्या पेरूसारखा वास यायला लागला
आणि अंबाजोगाईच्या दवाखान्यात सिस्टर म्हणाल्या,
आता रोज सुई, जन्मभर.
मी म्हणालो, सुई तर आमच्या घरचीच आहे.
हसलं कुणी नाही.

फ्रिज नव्हता.
दोन मडकी, मध्ये गोदावरीची ओली वाळू,
आत डबीत इन्शुलिन.
चैतात लाईट गेली की मी आधी वाळूवर हात ठेवायचो,
मग बाकीच्या घराला विचारायचो, गरम होतंय का?

एकदा डॉक्टर-डॉक्टर खेळताना
तिनं माझं बोट टोचलं.
मी ओरडलो : अगं, पट्टी वाया घालवलीस, केवढ्याला येते माहीत आहे?
तीनशे बारा.
ती दहा वर्षांची होती. मशीन माझ्याकडं वळवून म्हणाली,
पप्पा, ही वाया नाही गेली.

मी मात्र वाया घालवली, पुढची सहा वर्षं.
लेकीची पानं भरत गेलो, माझं एकही नाही.
चहात दोन चमचे, पानात गुलकंद,
माणूस मोठा झाला की साखर जिरते, असं काहीतरी.
मग सुईत दोरा ओवायला शेजारचा मजहर लागायला लागला.
मग मशीनचा पायडल पायाखाली
आहे की नाही, खाली वाकून बघावं लागलं.
आणि आखाडात ड्रेसिंगवाल्या पोरानं
माझ्या तळव्यातून टाचणी काढली.
माझीच. निळ्या डोक्याची.
दोन दिवस तिच्यावर उभा राहून मी
एका नवरीचं ब्लाऊज बेतलं होतं.

राजनंदिनी आता लातूरला, क्लासच्या होस्टेलात.
रोज रात्री साडेनऊला फोन.
जेवलीस का गं माय? किती आली?
एकशे वीस. तुमची?
एकशे तीस.
महिनाभर आमच्या दोघांच्या साखरेला
काय शिस्त होती म्हणता!
तिनं परीक्षेच्या भीतीनं मोजणंच सोडलं होतं,
मी जखम दिसू नये म्हणून मोजे घालून झोपत होतो.

माप घेताना काही बाया श्वास आत ओढतात.
मी म्हणतो, बाई, सोडा श्वास.
टेपला काही वाटत नाही.
पण शिवल्यावर उसवतं ते तुमचंच.

परवा फोन आला तो दोन वाजता.
पप्पा, हात थरथरायलेत.
मोज.
चोपन्न.
साखर खा. चार चमचे, वर पाणी. झोपू नको. रूममेटला उठव.
मग पंधरा मिनिटं फोन चालू, बोलणं बंद.
तिचं साखर चावणं ऐकू येत होतं, कचकच,
आणि मधेच कुणाची तरी जांभई.
सत्तर, ती म्हणाली. मग, ब्याऐंशी.
मग काही वेळानं : तुमची खरी किती हो?

मी मशीन शोधलं. बोट टोचलं.
दोनशे अठ्ठ्याण्णव, म्हणालो.
ती रागावली नाही. तेच जरा जड गेलं.
पाय बघता का रोज? आरशात?

आरसा दुकानात, गिऱ्हाइकांसाठी.
सकाळी शटर अर्धंच वर करून
तो जमिनीवर आडवा ठेवला, मोजा काढला,
आणि पाय वर धरला.
इतक्या वर्षांत
स्वतःचं माप घ्यायला कधी वाकलो नव्हतो.
बाहेर कुणीतरी विचारत होतं,
टेलर, ब्लाऊज झालं का?
म्हणालो, थांबा जरा.