खाडे

माझ्या खानावळीच्या वहीत एकवीस नावं,
प्रत्येकापुढे खाड्यांच्या फुल्या.
कुणाचा डबा अर्धा परत आला
की मी त्याला जिन्यातच गाठते:
का रे, मीठ जास्त झालं का?
अर्धा डबा मला झोपू देत नाही.

बाविसावं नाव पेन्सिलीनं लिहिलं: विरोळा.

फुटाळ्याच्या गाळात, नायलॉनच्या जाळ्यात
कंबर कापत गेलेला.
सुयोगनं सोडवून आणला. नऊ टाके.
वनखात्याच्या कागदावर ‘बरा होईतो’ असं लिहिलेलं
आणि खाली माझ्या मुलाची सही.
मग मुलगा परीक्षेला गडचिरोलीला गेला
आणि बरा होईतो माझ्याकडे राहिलं.

दिवाळीपर्यंत जेवला.
बुधवार बाजारातल्या बोटाएवढ्या मासोळ्या,
डोक्याकडून, सावकाश, काही न सांडता.
माझ्या एकवीस जणांत
असं नीट जेवणारं एकही नाही.

मग एका मंगळवारी मासोळी तशीच.
गुरुवारी तशीच.
मी ती चिमट्यात धरून नाचवली,
सुयोगपुढे वरणभाताचा चमचा नाचवायची तशी.
त्यानं जीभ काढली, वास घेतला,
आणि माझ्याकडे पाठ केली.
साप असला म्हणून काय झालं,
लागलं मला.

डॉक्टर कुमरे फोनवर म्हणाल्या,
‘खाऊन नाही राहिला ना, मग घालूच नका.
थंडीत त्याचं पोट बंद असते, काकू.
गेलेला घास आतच सडते.
पंधरा दिवस नुसतं पाणी, मग अंधारात ठेवा.
आणि बल्ब लावून ऊब देऊ नका मायेनं.
धड जागा नाही, धड झोप नाही,
त्यानंच मरतात.’

फोन ठेवला तोवर फोडणी करपली होती.
सव्वीस वर्षं मी लोकांना वाढते आहे.
न वाढण्याची कृती मला कुणी सांगितली नव्हती.

जिन्याखाली आमचा कूलर,
ऑक्टोबरपासून गोणपाट पांघरून बसलेला.
टाकी कोरडी, ताट्या काढलेल्या.
त्याच्या पोटात संत्र्याची पेटी सरकवली,
पेटीत कळमन्याहून आणलेलं तणीस,
कोपऱ्यात पाण्याची वाटी.
तराजूवर, ज्यावर मी डाळ मोजते,
तो दोनशे बारा ग्रॅम भरला.
वर जाळी, जाळीवर पाटा.

जानेवारीत पारा आठवर आला.
पाच वाजता कणीक मळायला उठायची
आणि आधी बॅटरी घेऊन जिन्याखाली.
गुंडाळी तशीच, कालच्यासारखी.
कणकेचे हात तसेच धरून मी वाट बघायची
कुठं बरगडी हलते का.
एकदा किती तरी वेळ काही हललं नाही.
वरच्या खोलीत कुणाचा तरी गजर वाजला, बंद झाला, पुन्हा वाजला.
मग ती जीभ, एवढीशी,
आणि मी पोळ्या लाटायला गेले.

दर रविवारी वजन:
दोनशे दहा. दोनशे सात.
दोनशे सातलाच तीन आठवडे.
वहीत फुल्या पुढच्या पानावर गेल्या.
हातानं भरवायचं पाप त्या दिवसांत मी एकदाच केलं, मनातल्या मनात,
सरसो तेलात परतलेला झिंगा.

फेब्रुवारी सरताना गल्लीत पहिला कूलर धुतला गेला.
पेटीत सरसर ऐकू आली.
तो वाटीत तोंड बुडवून पाणी पीत होता,
घसा हलत होता, पीतच होता.
मी उन्हात आणून ठेवला, थोडा, मग थोडा जास्त.
आठवडाभरानं एक मासोळी ताटलीत टाकली
आणि मुद्दाम भांडी घासायला बसले, पाठ करून.
भांडी तशी घासलेलीच होती.
वळले तेव्हा ताटलीत नुसतं पाणी.

होळीच्या आधी सुयोग आला, त्याला फुटाळ्याला घेऊन गेला.
मी नाही गेले. स्वयंपाक होता.
वहीत हिशेब केला: खाडे एक्क्याण्णव.
नाव खोडायला रबर घेतलं, मग राहू दिलं.

त्याच संध्याकाळी साकोलीच्या पोरीचा डबा
अर्धा परत आला.
मी ठरवलं, विचारायचं नाही.
असेल तिची काही थंडी.

जिन्यात गाठलंच तिला.