राजा, सत्ती, दुर्री

एल्कोत रात्री अडीचला
सोन्याच्या खाणीची पाळी सुटते
आणि चार नंबरचं टेबल भरतं.
मी पत्ते वाटते. एकोणीस वर्षं.
वाटणारीला मत नसतं.

आधीच्या चौघांनी पानं टाकून दिली.
मग डेसमंड ओयार्झुन. बटण अजून दोन घरं पुढे,
म्हणजे पंगतीच्या ना सुरुवातीला, ना शेवटाला;
अर्धं टेबल बोलून मोकळं झालेलं
आणि उरलेलं पाठीवर डोळे लावून बसलेलं.
त्याने पंधरा लावले.

एकेक जण गळाला. राहिली व्हर्लीन,
शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, मोठ्या ब्लाइंडवर,
हातमोजे न काढता चिप्स सरकवणारी.

मी तीन पानं उलटली:
बदाम राजा, किलवर सत्ती, चौकट दुर्री.
कोरडं ठक्क. कुणाचा कुणाशी सोयरसंबंध नाही.
गावाबाहेरच्या माळावर असंच असतं,
झुडपाला झुडूप दिसतं, लागत नाही.

व्हर्लीनने टेबलावर दोन बोटं टेकवली.
आता डेसमंडला बोलणं भाग.
आधी मोठ्याने बोललाय ना!
राजा आपल्याच घरचा असल्यासारखं वागायचं.
फार नाही, अकरा डॉलर,
बत्तिसाचा जेमतेम तिसरा हिस्सा.
चारांत एकदा ती उठली तरी जवळपास भागतं.

ती उठली नाही.

चौथं पान इस्पिक नव्वी.
त्याचा अंगठा किंचित हलला,
तेव्हाच मला वाटलं, राजा नाही याच्याकडे,
काहीतरी लागायचं राहिलंय, अठ्ठी, नाहीतर राणी.
चाळीस, तो म्हणाला.

"आमचा ऑर्व्हिल असाच," व्हर्लीन चिप्स मोजत म्हणाली,
"पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा जोरात,
तिसऱ्यांदा गप्प."
आणि चाळीस टाकले.

पाचवं पान पुन्हा दुर्री.
डेसमंड गप्प.
तिने सत्ती दाखवली. एवढीशी सत्ती.
त्याने आपली पानं उपडीच माझ्याकडे ढकलली.
मी बघितली नाहीत. बघायची नसतात.

तीन वाजून दहा. माझी सुट्टी, पंधरा मिनिटं.
बेकर्सफील्डला आई याच वेळी
बेकरीची भट्टी पेटवते.
"मार्कोस कसा आहे?"
"झोपलाय."

एप्रिलमध्ये म्हटलं होतं, जरा दमलाय.
मग म्हटलं, कामावर गेलाय.
मग आंघोळीला, मग बोइझीला, मित्राच्या लग्नाला.
आता ऑक्टोबर.

आई थोडा वेळ काही बोलली नाही.
ट्रे सरकवल्याचा आवाज आला.
"बरं," म्हणाली. "झोपू दे.
थंडी पडली असेल तिकडे.
त्याचा तो निळा स्वेटर
तुझ्याकडेच राहिलाय ना?"