विनापावती

खाली पिठाची गिरणी, वर आमची संस्था.
दुपारी गहू पडला की टेबल थरथरतं
आणि ऑडिटसाठी फाइल झटकली
की मागच्या वर्षीचं ज्वारीचं पीठ उडतं.
दोन खोल्या, साडेचार माणसं.
प्रशिक अर्धा, कारण त्याचा प्रकल्प डिसेंबरात संपला
आणि तो अजून येतोच आहे.

काम म्हणाल तर नावं दुरुस्त करायचं.
रेशनकार्डावर रुकसाना, आधारवर रुखसाना,
शाळेच्या दाखल्यावर नुसतंच 'रु.'
एका काना-मात्रेपायी
माणूस वॉर्ड ऑफिसच्या बाकावर म्हातारा होतो.
आम्ही अर्ज लिहितो, नोटरीला फोन लावतो,
साहेब जेवायला गेले असतील तर तिथेच बसून राहतो.
बसून राहणं ही आमची मुख्य पद्धत.
प्रस्तावात तिला आम्ही 'सातत्यपूर्ण पाठपुरावा' म्हणतो.

जूनमध्ये एका कंपनीचा चेक आला.
फोटो काढला, पेढे वाटले,
आणि बँकेनं तो परत केला:
संस्थेच्या नावात एक अक्षर चुकलेलं.
कुंदाताई इतक्या हसल्या
की त्यांना दम्याचा पंप शोधून द्यावा लागला.
मग आत जाऊन दार लोटलं,
बराच वेळ कुणाकुणाला फोन करत होत्या,
हळू आवाजात.
पगार ऑगस्टात झाले.

घरी विचारतात, तू नोकरी करतेस की समाजसेवा?
मी म्हणते, टॅली करते.

आज सीएकडचा मुलगा आलाय, मिहिर छेडा,
बावीस वर्षांचा, कानावर पेन्सिल,
चहा नको म्हणाला, मग दोनदा प्यायला.
एकशे सेहेचाळीस व्हाउचरं निमूट पार पडली.
एकशे सत्तेचाळीसवर थांबला.
"साठ रुपये. किरकोळ. बिल कुठाय, मॅडम?"

बिल नाही.

त्या दिवशी हलिमाबीचा कागद आला होता.
नवऱ्याचं नाव अब्दुल गनी,
मृत्यूच्या दाखल्यावर अब्दुल गुनी.
त्या एका उकारानं तीन वर्षं पेन्शन अडवली.
पहिल्यांदा आली तेव्हाच म्हणाली होती,
"गुनी तो कभी था नहीं, बाई,
लिहिणाऱ्यानं कुणाला विचारून लिहिलं?"
आम्ही सगळे हसलो होतो. तीही.

तर तो कागद. तिनं माझ्याकडून वाचून घेतला.
पुन्हा एकदा वाचून घेतला.
ग-नी. शिक्का, सही, तारीख, सगळं जिथल्या तिथे.
पदराच्या टोकानं तिनं त्यावरचं पीठ पुसलं
आणि विचारलं,
"म्हणजे आता तो पक्का गेला ना?"

मला वाटलं होतं ती खूश होईल.
मी पेढ्याचा पुडा हातात धरून उभी होते.

जिना उतरताना तिचे पाय चालेनात.
अन्सारनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या.
रिक्षा केली, चीता कॅम्पपर्यंत,
पैसे आधीच देऊन टाकले,
रिक्षावाल्याकडे पावती मागायचं
खरंच सुचलं नाही.

हे सगळं मिहिरला कुठल्या रकान्यात सांगू?
लाभार्थ्यांत हलिमाबी आहेच, अनुक्रमांक दोनशे तीन,
'प्रकरण यशस्वी' अशी खूण करून.
प्रति लाभार्थी खर्चही काढलाय, दोन दशांश स्थळांपर्यंत.
"काहीतरी लिहा, मॅडम," तो म्हणतो,
"कारण रिकामं ठेवता येत नाही."

मी कोरं व्हाउचर ओढते.
तेवढ्यात खाली गिरणी सुरू होते.
टेबल, हात, पेन, सगळं हलायला लागतं,
आणि 'प्रवास' लिहिताना
वा चा काना वाकडा होऊन खालच्या ओळीत घुसतो.
मी खोडायला जाते.

"राहू द्या," मिहिर म्हणतो,
"वाचता येतंय."